एक ठोका, दोन ठोके

१

प्रतिक्षा फार दचकायची. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, फोन थरथरला की दचकायची. बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नुसतं नाव विचारलं, तर हिच्या हातातली पेन्सिल उडून सरांच्या चहात पडली होती. अशा मुलीनं दिवसभर लोखंड गरगर फिरवायच्या धंद्यात बसावं, याची एमआयडीसीतल्या लोकांना गंमत वाटायची. पण तिचे वडील धर्मपाल म्हणायचे, "दचकू दे की. दचकणाऱ्याला बारीक थरथर कळते. आपल्या कामाला असलंच माणूस लागतं."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याला भिंत लावून, त्यांचं पत्र्याचं शेड होतं. इंजिनात जे जे फिरतं, त्याचा तोल इथं काढून मिळायचा. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. त्याच्या टोकाला बसवलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्या चाकाची एक बाजू वीस ग्रॅमनं जरी जड राहिली, तरी गाडी ताप भरल्यासारखी हुडहुडते. म्हणून ही दोन्ही एकमेकांना जुळवून घ्यायची, जड बाजूला बारीक भोकं पाडून वजन काढायचं, आणि दोघांवर पंचानं एकेक ठिपका मारून ठेवायचा. ठिपक्याला ठिपका आला की जोडी जमली.

धर्मपाल आणि निंगप्पा एकतीस वर्षं भागीदार होते. निंगप्पा अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे, तरुणपणी मागावर काम करून डावा कान घालवून बसलेले. प्रतिक्षा त्यांना अप्पा म्हणायची, ते तिला लाडानं कानडीतलं अव्वा, म्हणजे आई. चाकात दांडा घालून ते घोडीवर ठेवायचं, तर दोन्ही टोकांना दोघं लागत. घोडी म्हणजे लोखंडी पाय आणि त्यावर सुरीसारख्या धारेच्या दोन समांतर पट्ट्या. दांडा पट्ट्यांवर अलगद टेकवला की चाक आपणहून डुलत डुलत फिरतं आणि जड बाजू खाली येऊन थांबतं. शेजारी चाळीस माग खडखडत असताना बोललेलं ऐकू येण्याची सोय नव्हती, आणि अप्पांचा तर कानच नव्हता. म्हणून दोघांनी घोडीवरच ठोकायची रीत पाडली होती. हाताला कळायचं. एक ठोका म्हणजे धर. दोन ठोके म्हणजे सोड. आणि ज्यानं धर म्हटलं, त्यानंच सोड म्हणायचं; नाहीतर बोटं चेंगरतात.

धर्मपालांचा उजवा खांदा धरलेला होता. फार वेळ वजन पेललं की हात आतून थरथरू लागायचा. म्हणून अप्पा एकदा ठोकून लगेच दोनदा ठोकायचे. "माझ्या भागीदाराला जास्त ताटकळवायचं न्हाई," असं गिऱ्हाइकाला सुनवायचे.

मार्चमध्ये धर्मपाल गेले. छातीत दुखलं, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं. अप्पा त्या दिवशी गावाकडं एका लग्नात होते.

२

दोघांची मिळून एक जुनी फियाट होती. धर्मपालांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून अप्पा ती घरी नेत होते, तेव्हा भर सात रस्ता चौकात इंजिनातून हाड मोडल्यासारखा आवाज आला. क्रँक दुभंगला होता. दोन महिने गाडी शेडच्या कडेला पांघरूण घेऊन उभी राहिली. मग टेंभुर्णीच्या भंगारात त्याच जातीचं एक इंजिन मिळालं. क्रँक चांगला होता, पण त्याच्या फ्लायव्हीलचे दात झिजून गेलेले. तेव्हा ठरलं की क्रँक टेंभुर्णीचा आणि फ्लायव्हील आपलं.

इथंच सांभाळायचं असतं. आपलं चाक मोडलेल्या क्रँकशी जुळवलेलं होतं. त्या क्रँकची उणीव भरून काढायला धर्मपालांनी ठिपक्याच्या बाजूला मुद्दाम वजन राखलं होतं. तसंच्या तसं ते परक्या क्रँकला लावलं असतं, तर तोच जपून ठेवलेला भार नव्या इंजिनाला हादरे देत बसला असता. आधी चाकातला जुना भार काढायचा, चाक एकटं उभं राहील असं करायचं, आणि मग नवी सोयरीक.

प्रतिक्षानं हट्टानं घेतलेल्या कॉम्प्युटरच्या मशीनवर चाक लावलं. आकडा आला: अठरा ग्रॅम, ठिपक्यापाशी. काम अर्ध्या तासाचं. तरी पप्पांची सवय म्हणून तिनं चाक एकदा घोडीवर ठेवलं. ठिपका डुलत खाली आला, थांबला. बरोबर.

बाराच्या सुमाराला अप्पा आले, चप्पल काढून दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"काय अव्वा, चहा सांगितलीस का बापासारखी चिंगूसगिरी करतीस?"

"सांगितलाय, अप्पा. हे बघा, अठरा ग्रॅम. भोक पाडू?"

"पाड की. पण आज नको. घाई काय हाय?"

ती हसली आणि घोडीकडं वळली. ठिपका खाली नव्हता. पावपट फिरून आडवा आला होता, घड्याळातल्या नऊवर, दाराकडं.

तिनं बोटानं ढकलून तो खाली आणला. बोट काढलं. चाक तितक्याच सावकाश, कुणी पान उलटावं तसं फिरलं आणि ठिपका पुन्हा दाराकडं जाऊन थांबला.

जड बाजू वर चढून थांबत नाही. हे कळायला बी.एस्सी. लागत नाही.

३

तिनं मनाशी यादी केली. पट्टी तिरकी असेल. पाणसळ लावली, बुडबुडा नीट मध्ये. कूलरचा वारा असेल. कूलर बंद केला. चुंबक असेल म्हणून फोनमधलं होकायंत्र चाकाभोवती फिरवलं. सुई उत्तरेकडंच. घोडीची तोंडं उलटसुलट केली. ठिपका दाराकडंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठिपका शहाण्यासारखा खाली होता. बारा वाजता अप्पा आले आणि तो वर गेला. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम स्टूल उचलून घोडीच्या दुसऱ्या टोकाला, कूलरपाशी ठेवलं. "इथं गार वाटेल, अप्पा," ती म्हणाली. अप्पा तिथं बसले. चाक दांड्यासकट उलट दिशेला पावपट फिरलं, थोडं डुललं, आणि ठिपका कूलरच्या बाजूला येऊन थांबला.

ते दाराकडं बघत नव्हतं. ते अप्पांकडं बघत होतं.

मशीन मात्र रोज तेच सांगायचं. अठरा ग्रॅम. मशीनला काही वावगं दिसत नव्हतं. पप्पांच्या घोडीला दिसत होतं.

कुणाला सांगायचं? आई म्हणाली असती, तू जेवत नाहीस, म्हणून असं होतं. तिनं नखं खाल्ली. भोक पाडायचा विषय काढला की अप्पा म्हणायचे, "उद्या."

४

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी अप्पांच्या आधी त्यांची सून आली. सिद्धेश्वरी. हातात डबा, कपाळावर घाम.

"मामा डबा विसरले म्हणून आले. अजून आले नाहीत? रिक्षानं जावा म्हटलं तर चालतच निघाले." तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "ताई, तुम्हाला काय वाटतंय का त्यांच्यात?"

प्रतिक्षा घोडीकडं बघत म्हणाली, "काय?"

"कलंडतात हो. चालताना, बसताना. रात्री पलंगावरनं पडतात, आणि दर वेळी एकाच बाजूला. आम्ही पलंग फिरवला, तरी ह्याच बाजूला." तिनं हातानं दाखवलं. तिच्या घरातली ती बाजू म्हणजे शेडची दिशा, हे तिच्या ध्यानात आलेलं नव्हतं. "डॉक्टरनं कान बघितला, डोक्याचा फोटो काढला. सगळं चांगलं हाय म्हणाले. काल न्हाणीघरात पडले. कोपर काळंनिळं झालंय. बहात्तर वय. एकदा खुबा मोडला की माणूस उठत नसतंय, ताई."

तेवढ्यात अप्पा दारात आले. आणि प्रतिक्षाला पहिल्यांदाच नीट दिसलं. ते चौकटीला धरून उभे होते आणि वाऱ्यात झाड झुकावं तसे झुकलेले होते. बाहेर वारा नव्हता. पाचोळासुद्धा हलत नव्हता.

"दोघी मिळून माझी काय चुगली करतायसा?" अप्पा म्हणाले आणि तोल सावरत स्टुलावर बसले.

तिच्या पाठीमागं, घोडीवर, दांडा पट्टीवरून बारीकसा घरंगळला.

पप्पा गेल्यावर तिला शेडात येऊन "अव्वा" म्हणणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. त्या दुपारी तिनं मनाशी पक्कं केलं. काय ते कळो न कळो, अप्पांना पडू द्यायचं नाही.

५

तिला सरळ वाटलं, भार काढला की संपलं. शनिवारी ती नऊलाच आली, अप्पा येण्याच्या पुष्कळ आधी. चाक ड्रिलखाली बांधलं, ठिपक्याशेजारी टोक आणलं, बटण दाबलं. टोक बिडाला टेकलं. चिमूटभर काळा चुरा उडाला.

फोन वाजला. ती एवढी दचकली की ड्रिलचा दांडा हातातून सुटून वर गेला.

"ताई," सिद्धेश्वरी रडत होती, "मामा पडले. उभे होते हो नुसते, चहा पीत. कुणीतरी हातातली दोरी कापावी तसे पडले. नाही नाही, शुद्धीवर हायत. ओठ फुटलाय."

प्रतिक्षानं ड्रिल बंद केलं. ठिपक्याजवळ मसुराएवढा खड्डा पडला होता. तिनं त्यावर अंगठा दाबून धरला.

ओठाला टाके घालून अप्पा बाराच्या ठोक्याला हजर.

"घरी पडायचं सोडून इथं कशाला आलात?" ती जवळजवळ ओरडलीच.

"घरी पडलोच की," अप्पा म्हणाले. "आता इथं बसतो."

तिनं चाक घोडीवर ठेवलं. ठिपका अप्पांकडं वळला. तिनं चहा बशीत ओतून अप्पांच्या हातात दिला. दीडला शेजारचा कारखाना जेवायला थांबतो. माग एकेक करत बंद पडले आणि शेडात ती शांतता आली, जिच्यात पत्रा तापून तडतडतो तेवढंच ऐकू येतं.

बशीतला चहा तिरका होता.

बशी सपाट होती. अप्पांचा हात स्थिर होता. पण चहा घोडीच्या बाजूला चढून काठाशी टेकला होता आणि दुसऱ्या बाजूला बशीचं पांढरं पोट उघडं पडलं होतं. अप्पांनी फुंकर मारली. चहावर सुरकुती उठली. चहा तिरकाच राहिला. त्यांनी उंच बाजूनं ओठ लावून तो निवांत पिऊन टाकला.

आणि टक् असा आवाज झाला. लोखंडावर लोखंड.

क्षणभरानं घोडीतून दुसरा आला. टक्.

घोडीपाशी कुणी नव्हतं.

प्रतिक्षानं घोडीतला तेवढाच ठोका मोजला. एक ठोका म्हणजे धर. पप्पा अप्पांना धरून ठेवतायत. स्वतः गेले आणि आता भागीदाराला ओढतायत. ती भीतीनं नव्हे, रागानं पुढं झाली. एवढे प्रेमळ पप्पा असं कसं करतील! तिनं पाना उचलला आणि घोडीवर दोनदा ठोकलं. टक् टक्. सोडा, पप्पा. सोडा त्यांना.

चाक हललं नाही. ठिपका अप्पांकडंच.

ज्यानं धर म्हटलं, त्यानंच सोड म्हणायचं. ती मागं वळली. मघाशी आवाज दोन झाले होते. घोडीतला दुसरा होता. पहिला कुठून आला?

अप्पांचा हात स्टुलाच्या लोखंडी पायाशी लोंबत होता. बोटात जाड पोलादी अंगठी.

६

"अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही ठोकता?"

गूळ चोरताना सापडलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं. "एकदाच ठोकतो. रोज एकदाच."

"कधीपासून?"

"चाक गाडीतनं काढून तू घोडीवर ठेवलीस, त्या दिसापासून. सवय गं. बसलो की बोट आपसूक गेलं." त्यांनी फुटलेला ओठ जिभेनं चाचपला. "आणि पलीकडनं आलं."

"काय आलं?"

"वजन. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असलं की हाताला कसं लागतंय, तुला म्हाईत हाय की. एकटं उचलल्यावर वेगळं, दोघांनी उचलल्यावर वेगळं. दोघांचं आलं." ते हसले. "तो गेला तवा मी लग्नात जिलेबी खात होतो, अव्वा. त्याला सोड म्हणायला मी नव्हतो. मग मी धर म्हटलं, आणि त्यानं धरलं. एकतीस वर्सांत माझ्या शब्दावर त्यानं हात काढला न्हाई. आता काढील व्हय?"

"तुम्ही पडताय. मराल एक दिवस."

"पडू दे की. पलीकडनं धरतोय न्हवं कुणीतरी."

बहात्तर वर्षांच्या माणसाला मरणाची भीती घालून उपयोग नव्हता. ती घोडीपाशी गेली आणि पट्टीवर तळवा टेकला. पप्पा म्हणायचे तसं, थरथर पकडायला.

थरथर होती.

फार बारीक. माग बंद होते, ड्रिल बंद होतं, रस्त्यावर ट्रक नव्हता. तरी लोखंडाच्या आतून एक कंप येत होता, थांबत होता, पुन्हा नेट लावून येत होता. चाकाच्या पलीकडच्या काठावर सकाळी तिनं तेलाचं बोट फिरवलं होतं. तिथलं तेल तळव्याएवढ्या जागेतून बाजूला सरलेलं होतं, आणि त्या जागेच्या कडा हलत होत्या.

ही थरथर तिला पाठ होती. लहानपणी पप्पा खांद्यावर बसवून गड्ड्याची जत्रा दाखवायचे, तेव्हा थोड्या वेळानं तिच्या पायाला हीच लागायची. "उतरू का, पप्पा?" विचारलं की म्हणायचे, "बस गं, मला काय होतंय."

ती मागं सरली नाही. तळवा तिथंच ठेवून म्हणाली, "अप्पा, इकडं या. हात लावा."

अप्पा कलंडत, भिंत धरत आले. त्यांनी आपला मोठा, काळा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. त्यांना ऐकू कमी यायचं, पण हाताला सगळं कळायचं.

त्यांनी बोटं पट्टीवर पसरली.

"त्यांचा खांदा," प्रतिक्षा म्हणाली.

"व्हय."

"किती दिवस धरून आहेत ते."

"बारा," अप्पा म्हणाले. "बारा दिस. अरे धर्मपाल, येड्या! सांगायचं न्हाई व्हय रे? येवढं कुणी धरतंय का?"

त्यांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. तळव्यानं चाकाचा काठ एकदा, बैलाची मान थोपटावी तसा थोपटला. मग अंगठीचं बोट पट्टीवर आणलं. बोट हवेत थांबलं. पलीकडच्या शेडात कुणाचा तरी डबा उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी चटणी मागितली.

टक्. टक्.

चाक हललं. ठिपका अप्पांकडून सुटला आणि सावकाश, खरोखर फार सावकाश खाली गेला, थोडा पुढं, थोडा मागं, आणि तळाला थांबला. पट्टीतली थरथर थांबली. तेलाच्या कडा एकमेकींना मिळाल्या. अप्पा, जे इतका वेळ घोडीवर रेलून होते, ते एक पाऊल मागं झाले आणि सरळ उभे राहिले.

"हलकं वाटतंय," ते म्हणाले. ते ऐकून प्रतिक्षाला रडू आलं, कारण त्यांचा चेहरा काही हरवल्यासारखा होता.

त्या दुपारी त्यांनी अठरा ग्रॅम काढले. अप्पांनी बिडाचा चुरा तळहातावर गोळा केला, कागदात बांधला आणि खिशात ठेवला. नंतर चाक घोडीवर कुठंही फिरवून सोडलं तरी तिथंच उभं राहायचं. कुणाकडंही न बघता.

७

फियाट सुरू झाली. बॉनेटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून अप्पांनी इंजिन चढवलं, थेंब सांडला नाही. अप्पा आता सिद्धेश्वरीला शेजारी बसवून सकाळी भाजीला नेतात आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला "दिसत न्हाई का बे?" विचारतात. पडलेले नाहीत. शेडात रोज येत नाहीत. "तुझं तू बघतीस की," म्हणतात.

म्हणून आज दुपारी प्रतिक्षा एकटी होती. मोहोळहून एका ट्रॅक्टरचं चाक आलं होतं. परकं, साधं, जाडजूड. तिनं कप्पी लावून ते घोडीवर उतरवलं. चाक डुललं, जड बाजू खाली आली, थांबली. तिनं तिथं खडूची रेघ मारली. सगळं जसं असायला हवं तसं. दीड वाजला होता. माग एकेक करत बंद पडले.

शांतता झाली, आणि बाहेर कुणीतरी कुठलंसं शटर धाडकन खाली ओढलं.

ती दचकली. हातातला पाना पट्टीवर आपटला.

टक्.

एकदाच.

तिनं पाना घट्ट धरला. काही झालं नाही. पत्रा तडतडला. मग घोडीच्या दुसऱ्या टोकातून, जिथं फक्त भिंत होती, तसाच आवाज आला. खडूची रेघ हलली. परकं चाक घरंगळत फिरलं, रेघ वर आली, आडवी झाली आणि तिच्याकडं वळून थांबली.

पट्टीवर ठेवलेल्या तिच्या डाव्या हाताला वजन लागलं. एकटीनं उचलल्यावर वेगळं लागतं, दोघांनी उचलल्यावर वेगळं.

सोड म्हणायचे दोन ठोके मारायला तिनं पाना उचलला. अजून थरथर नव्हती. थरथर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, हे तिला माहीत होतं.

पाना तिनं तसाच वर धरून ठेवला.